व्हिक्टोरिया गोदीची वर्दी

सकाळ

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. एप्रिलातली मुंबई सकाळी आठलाच घामाने डबडबलेली असते. बंबखान्यातली रोजची कामं मात्र तोवर निम्मी उरकलेली असतात. गाड्या पुसायच्या, तेल-पाणी बघायचं, पंप चालू करून दाब धरतो का ते पाहायचं, शिड्या उतरवून पुन्हा चढवायच्या, कवायत करायची. मग होजची पाळी. त्या काळचा होज म्हणजे जाड विणीची कापडी नळी. आगीवरून परतली की ती चिखलाने आणि काजळीने माखलेली असायची, पाणी पिऊन जड झालेली. तशीच गुंडाळली तर आतून कुजणार आणि पुढच्या आगीला भर दाबात फाटणार. म्हणून ती लांब अंथरून ब्रशने घासायची, उंच टांगून निथळू द्यायची, खडखडीत वाळली की पीळ न पडू देता गुंडाळायची, आणि टोकाच्या कपलिंगमधला वॉशर जागेवर आहे ना, ते बोटाने चाचपून बघायचं. या कामाचा फोटो कधी कोणी काढला नाही. पण त्या दुपारी बत्तीस होज एकाच जहाजात पाणी ओतत उभे राहिले, ते अशा सकाळींच्या जोरावर.

पाळ्यांचा हिशेब त्या बंबखान्यात नव्हता. जवान तिथेच राहायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा आणि घंटा झाली की हातातलं टाकून गाडीकडे पळायचा. ज्या अग्निशमन दलाला जन्म देताना गोऱ्या सरकारने लंडनकडे बघितलं, त्या दलाची रोजची भिस्त अशा माणसांवर होती. १८०३ साली कोटात मोठी आग लागली तेव्हा शहराला स्वतःचं असं दलच नव्हतं. पुढेही बरीच वर्षं आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. १ एप्रिल १८८७ ला दल उभं राहिलं, १८८८ च्या कायद्याने त्याची जबाबदारी महापालिकेवर आली, आणि १८९० साली लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून आणले गेले. १९०७ मध्ये पहिला मोटारबंब आला आणि १९२० पर्यंत घोडे गेले. वरची खुर्ची मात्र साहेबाचीच राहिली.

१९४४ साली त्या खुर्चीवर नॉर्मन कूम्ब्स होते. म्हणजे अर्ध्या शतकानंतरही हुकूम देणारा इंग्रज आणि होजचं तोंड धरणारे हात इथल्या माणसांचे, ही वाटणी तशीच होती. तिचा राग येतो आणि यायलाच हवा. पण कूम्ब्स त्या दुपारी कचेरीत बसून राहिले नाहीत, आपल्या माणसांबरोबर गोदीत गेले, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

दुपारी साडेबारा

गोदीत जेवणाची सुट्टी. व्हिक्टोरिया गोदीच्या १ नंबरच्या धक्क्याला फोर्ट स्टिकीन लागलेलं आहे. कॅनडात १९४२ साली बांधलेलं, ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं, १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय पेट्यांत बांधलेली स्पिटफायर विमानं, सोन्याच्या विटा, लाकूड, भंगार, तेलाची पिंपं. आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. जे पेटू शकतं किंवा उडू शकतं ते जवळपास सगळंच आपल्या जहाजावर आहे, असं खुद्द कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ म्हणत.

कापसाच्या गाठी खाली आणि दारूगोळा त्यांच्यावरच्या मजल्यावर, अशी ती रचना होती. कापूस काय चीज आहे हे खानदेशातल्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारावं. दाबून बांधलेली गाठ पेट घेते तेव्हा ज्वाळा दिसत नाहीत. ती आतल्या आत धुमसत राहते, तासन्‌तास, आणि वरून पाणी मारलं तर भिजते ती फक्त वरची साल.

धूर तेव्हाच दिसला होता. आसपासच्या जहाजांवरच्या काही लोकांनी फोर्ट स्टिकीनमधून धुराची रेघ निघताना पाहिली. ज्याचं जहाज तो बघून घेईल, असं त्यांना वाटलं. जहाजात स्फोटकं आहेत हे सांगणारा लाल बावटा लावलेला नव्हता. तो असता तर त्या पाहणाऱ्यांपैकी एखादा तरी जेवणावरून उठला असता, असं मला राहून राहून वाटतं.

दोनचा सुमार

२ नंबरच्या भांडारात आग आहे हे आता जहाजावरच्यांना कळलं. युद्धामुळे गोदीत छोटे ट्रेलर पंप आणि त्यांची माणसं तैनात असायची. त्यांनी लगेच होज जोडले आणि भांडाराच्या तोंडातून पाणी आत सोडलं. धूर इतका दाट की आग नेमकी कुठे आहे ते दिसेना. पाणी धुरावर पडत होतं, आगीवर पडत होतं की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

२ वाजून १६ मिनिटं

दलाच्या नियंत्रण कक्षात वर्दी पोचली. ती पोचली रस्त्यावरच्या अलार्मची काच फोडून. अशा अलार्मला एवढंच सांगता येतं की अमुक ठिकाणी आग आहे. मोठी की छोटी, लाकडाची की बारुदाची, हे त्याला बोलता येत नाही. म्हणून नेहमीच्या आगीला जातात तसे दोन बंब निघाले. भोंगा, घंटा, गोदीचा दरवाजा, रुळांवरून उड्या मारत धक्का.

तिथे पोचल्यावर जहाजात काय भरलंय ते समजलं आणि जादा बंब मागवले गेले. पण धूर पहिल्यांदा दिसल्यापासून पावणेदोन तास होऊन गेले होते. पुढे चौकशीत जे दोष निघाले त्यात हाही एक होता: शहराच्या दलाला उशिरा कळवलं.

तीन

बत्तीस होज चालू. एकेका होजच्या तोंडाशी दोन-दोन, तीन-तीन माणसं. दाबाचं पाणी सोडलेली नळी एकट्याच्या हातात राहत नाही, ती माणसाला फेकून देते. पुढचा ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरतो, मागचा खांद्याने त्याला रेटा देतो, तिसरा नळीचं ओझं पेलतो. डोळ्यांत धूर, पायाखाली लोखंडी डेक. तासाभरात माणसं बदलायला हवीत. पण बदलायला माणसं आणायची म्हणजे दुसरं ठाणं उघडं पडणार, आणि आग काही एकाच जागी लागण्याचं वचन देत नाही. कोणत्याही शहराच्या दलाचा हा जुना पेच आहे.

आत काय चाललं होतं? पाणी भांडारात साठत होतं. एकंदर ९०० टनांहून जास्त पाणी आत गेलं. कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात. जसजसं पाणी चढलं तसतशा वरच्या धुमसत्या गाठी उचलल्या गेल्या आणि दारूगोळ्याच्या मजल्याकडे सरकल्या. साठलेलं पाणी उकळायला लागलं. बाहेरून जहाजाच्या कुशीवर एका जागी पत्र्याचा रंग फुगून सुटत होता. आग नेमकी तिथे मागे आहे हे त्या फोडांवरून कळलं. मग ठरलं की बाहेरून पत्रा कापायचा आणि त्या भोकातून थेट आगीवर पाणी मारायचं. कल्पना योग्य होती. गॅस कटर आणला, आणि तो चालेना.

त्या पाऊण तासाबद्दल मी जितकं वाचलं तितका अस्वस्थ झालो. धक्क्यावर हुकूम देऊ शकणारे चार जण होते. गोदीचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर, लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट, जहाजाचे कप्तान नाइस्मिथ, आणि दलाचे कूम्ब्स. ओबर्स्टनी सांगितलं की हे जहाज उडालं तर अख्खी गोदी जाईल, तेव्हा ते इथेच बुडवा. पण गोदीतलं पाणी उथळ. जहाज तळाला टेकलं तरी वरचे मजले पाण्याबाहेरच राहणार. सॅडलरना वाटत होतं की जहाज ओढून समुद्रात न्यावं. पण इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं, स्वतःहून ते हलणार नव्हतं. टग लावून गोदीच्या दरवाजातून बाहेर काढायचं म्हणजे वेळ, आणि तोपर्यंत होज काढून घ्यावे लागणार. तिसरा मार्ग आणखी आधीचा होता: भांडाराचं तोंड बंद करून आत वाफ सोडायची आणि आगीची हवा तोडायची. जहाजावर त्यासाठीची सोय असते. ती वापरली गेली नाही, हेही पुढे चौकशीने नोंदवलं.

प्रत्येकाकडे आपल्या खात्यापुरता अधिकार होता. सगळ्यांच्या वतीने 'हे करा' म्हणणारा कोणी नव्हता. आणि निर्णय होत नाही तोवर एकच काम चालू राहतं, जे आधीपासून चालू आहे ते. म्हणजे पाणी मारणं. चर्चा संपेपर्यंतचा सगळा वेळ बंबवाल्यांच्या अंगावरून गेला. त्यांच्यापैकी किती जणांना जहाजात काय आहे ते कोणी उभं राहून सांगितलं असेल? फार थोड्यांना, असं मला वाटतं. ज्यांना कळलं असेल तेही जागेवरच राहिले.

३ वाजून ५० मिनिटं

भांडाराच्या तोंडातून ज्वाळा उसळल्या. आता धूर नव्हता, उघडी आग होती. जहाज सोडायचा हुकूम झाला. खलाशी उतरले, जवानही डेकवरून खाली आले, मिळेल त्या वाटेने. उतरले, पण धक्का सोडून गेले नाहीत. होज तसेच पसरलेले, पंप चालू, आणि पाणी धक्क्यावरूनही मारता येत होतं. सोळा मिनिटं हाताशी होती. पळत सुटलेला माणूस सोळा मिनिटांत गोदीच्या फाटकाबाहेर बराच लांब जातो. हे गणित मला सोडवत नाही.

४ वाजून ६ मिनिटं

फोर्ट स्टिकीन मधोमध फुटलं. बारा किलोमीटरवरच्या काचा तडकल्या. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला, तिथवर सरळ रेषेत सुमारे चौदाशे किलोमीटर अंतर आहे. गोदीतलं पाणी उसळलं, आणि जलपद्म नावाचं जहाज त्या लाटेने धक्क्यावर आणून टाकलं. जळता कापूस, तेल, लाल झालेले पत्र्याचे तुकडे मशीद बंदर आणि मांडवीच्या छपरांवर कोसळले. जपान्यांनी बॉम्ब टाकले, अशी समजूत होऊन लोक घर सोडून निघाले.

या स्फोटाचा विषय निघाला की मुंबईत सोन्याच्या विटेची गोष्ट हमखास येते. मैलभर दूरच्या एका घराच्या व्हरांड्यात अशी वीट येऊन पडली होती, हे खरं आहे. पण त्या धक्क्यावर होजच्या तोंडाशी कोण उभं होतं, हे विचारलं तर सांगणाऱ्याला एक नाव येत नाही. त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले, ८३ जखमी झाले. कुठल्याही शहराच्या दलाला ही संख्या मोडून टाकणारी आहे. बंब चालवणारे, पंप सांभाळणारे, ब्रांच धरणारे, पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांना शहरातली गल्लीन्‌गल्ली पाठ झाली होती, असे लोक एका क्षणात नाहीसे झाले. बंब नवा विकत घेता येतो. कुठल्या वखारीला मागचा दरवाजा आहे, कुठल्या चाळीचा जिना लाकडी आहे, हे ज्ञान माणसाबरोबर जातं.

४ वाजून ३४ मिनिटं

पहिल्या स्फोटानंतर अठ्ठावीस मिनिटं. उरलेले जवान, शिपाई, खलाशी, गोदीतले कामगार जखमींना ओढून बाहेर काढत होते. तेवढ्यात उरलेला दारूगोळा उडाला. दुसरा स्फोट पहिल्याहून उंच गेला.

बचावाच्या कामात शिकवतात की आधी जागा सुरक्षित आहे का बघा, मग आत शिरा. ती शिकवण बरोबर आहे. पण पलीकडे पाच हातांवर आपला ठाण्यातला सोबती पडलेला दिसत असताना हे पाळणारा जवान मला ठाऊक नाही.

संध्याकाळ

आता दोन कामं एकदम आली, आणि दोन्हीला माणसं अपुरी. पडलेल्या घरांखालून माणसं काढायची, आणि आग अडवायची. जवळपास दोन चौरस किलोमीटर भाग पेटला होता. गोदीत अकरा जहाजं बुडालेली किंवा बुडायच्या बेतात. मांडवी म्हणजे धान्याचा, तेलाचा, मसाल्याचा बाजार. वखारी एकमेकींना टेकलेल्या, गल्ल्या हातगाडी जेमतेम जाईल एवढ्या. तिथे बंब आत नेता येत नाही. तो तोंडाशी उभा करून होजला होज जोडत आत जावं लागतं. सकाळी चाचपलेला वॉशर इथे उपयोगी पडतो. एक जोड गळला तर शेवटच्या माणसाच्या हातात नुसती धार येते.

लांबच्या ठाण्यांचे बंब आले. लष्कर आलं, नौदल आलं, हवाई हल्ल्यांसाठी उभारलेल्या संरक्षण दलाचे स्वयंसेवक आले. युद्धामुळे शहर बॉम्बसाठी तयार होतं. ती तयारी आकाशातून येणाऱ्या संकटाची होती, पण स्ट्रेचर आणि बादल्या इथेही कामाला आल्या. जे. जे. आणि सेंट जॉर्ज रुग्णालयांकडे जखमींची रीघ लागली, मिळेल त्या वाहनातून.

मेलेले किती, ते नक्की कधीच ठरलं नाही. आठशे ते तेराशे, असे आकडे सांगितले जातात. गोदीतला हमाल, फुटपाथवर झोपणारा, गावाहून आदल्या आठवड्यात आलेला: यांची हजेरी कुठल्या वहीत नव्हती. दलाच्या मृतांचा आकडा एककापर्यंत माहीत आहे, तो दलाच्या हजेरीपटामुळे.

रात्र

आग रात्रभर चालू होती. विझवणं शक्य नव्हतं, ती पुढे सरकू न देणं एवढंच हातात होतं. जळणारी वखार सोडून द्यायची आणि तिच्या शेजारची भिजवत राहायची. हे सांगायला सोपं आहे. ज्याची वखार जळतेय तो मालक समोर उभा राहून हात जोडत असतो, आणि त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याच्या भिंतीवर पाणी मारायचं असतं.

पन्नास हजार टनांहून जास्त धान्य त्या आगीत गेलं. बंगालात आदल्याच वर्षी लाखो माणसं भुकेने मेली होती. मुंबईत रेशनच्या रांगा लागत होत्या. जळत्या तांदळाच्या वासात काम करणाऱ्या जवानांच्या घरीही तेच रेशन यायचं.

पुढचे दिवस

आग ताब्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले, सुमारे पाच लाख टन. वर्तमानपत्रांना गप्प बसवलं गेलं. जगाला पहिली बातमी दिली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, १५ तारखेला. आपल्या पत्रांना ती सविस्तर छापायची मोकळीक मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्यांचा माणूस त्या धक्क्यावर गेला, त्यांच्या गावात महिनाभर छापील एक ओळ पोचली नाही. सरकारने आपल्या युद्धाची अब्रू राखली असेल, पण विधवेला आपल्या नवऱ्याचं मरण शेजाऱ्यांना पटवून द्यायला लागावं, हे फार वाईट झालं.

चौकशी बसली. कापसातून आग सुरू झाली असावी, असं ठरलं. कापूस दारूगोळ्याखाली भरणं, लाल बावटा न लावणं, स्फोटकं उतरवायला उशीर करणं, वाफ न वापरणं, दलाला उशिरा बोलावणं. दोषांची ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्यातली एकही गोष्ट २ वाजून १६ मिनिटांनी निघालेल्या जवानाच्या हातातली नव्हती.

भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि देशभरची अग्निशमन दलं १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. चार वर्षांनी, १९४८ साली, एम. जी. प्रधान मुंबई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. निकोल्स लंडनहून आले त्याला तोवर ५८ वर्षं झाली होती. प्रधानांच्या हाताखाली आलेल्या दलात व्हिक्टोरिया गोदीतून जिवंत परतलेले जवान असणारच, आणि वरच्या जागांवर आता त्यांच्यातलेही चढू शकणार होते.